चार इंच उंच झालेलं मशीन

१

धाड! असा आवाज झाला आणि पायलटने करकचून ब्रेक दाबला. तिची जीप तेव्हा रेल्वेच्या पुलाखालून पार होऊन शंभर पावलं पुढे आली होती. आरशात पाहिलं तर मागचा ट्रेलर पुलाखाली अडकलेला, आणि त्याच्यावरच्या अवाढव्य मशीनचं डोकं पुलाच्या लोखंडी तुळईला भिडलेलं.

तिचं खरं नाव आता घरच्यांनाही आठवावं लागे. अवजड मशीन घेऊन ट्रेलर निघाला की त्याच्यापुढे रस्ता मोकळा करत जायची ती पायलट गाडी, आणि ती चालवणारी म्हणून ही पायलट. शेजारच्या सीटवर तिचे वडील, बांबूनाना. बंपरला उभा बांधलेला बांबू हा त्यांचा कारभार. यार्डात माल चढला की नाना स्वतः टेप लावून त्याची उंची मोजत, वहीत लिहीत, आणि बांबूचं टोक त्याहून चार बोटं वर ठेवत. पुलाखालून बांबू सुटला की ट्रेलर सुटलाच. एकतीस वर्षांत हा हिशोब एकदाही चुकला नव्हता.

"बाबा, बांबू लागला का?" तिने विचारलं, तरी तिला ठाऊक होतं. काच खाली करून ती स्वतः ऐकत होती. टोक तुळईला शिवलंसुद्धा नव्हतं.

"नाही लागला," नाना म्हणाले. "बांबू सुटला आणि मशीन अडकलं. असं होईलच कसं?"

दोघं धावत मागे गेले. सुदैवाने ड्रायव्हरला खरचटलंही नव्हतं. नानांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, पंधरा फूट आठ इंच. पूल सोळा फुटांचा. तासाभरात मालक आले, त्यांनी शिडी लावून आपल्या हाताने टेप धरला, आणि खाली उतरून नानांकडे असं पाहिलं की पायलटला पुढचं ऐकवेना.

"सोळा फूट भरतंय, नाना," मालक म्हणाले. "तुम्ही चार इंच कमी लिहिलंत."

२

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत बाकावर बसून मालकांनी एक कागद पुढे सरकवला. माणूस वाईट नव्हता, पण अडचणीत सापडला होता आणि अडचणीतला माणूस कुणाचं ऐकत नाही.

"दुपारी चारला विमेवाले येणार. कुणाची चूक ते लिहून द्यावंच लागेल. मापात चूक झाली असं तुम्ही लिहून दिलंत, तर गोष्ट तुमच्यापुरती राहील. नाहीतर ते पायलटच्या मागे लागतील. तिचा परवाना जाईल."

नानांनी खिशातून पेन काढलं.

"बाबा!" पायलटने त्यांचा हात धरला.

तिला टपरीबाहेर नेऊन नाना हळूच बोलले. "पोरी, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. टेपावरचा आकडा वाचताना मीच चुकलो असेन गं. शनिवारी मोजताना उन्हं तिरपी होती. आणि समज, नसेन चुकलो, तरी तुझी गाडी बंद पडण्यापेक्षा माझी सही स्वस्त."

तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच माया दाटून आली. परवाना गेला तर घरात कठीण होणार होतं, हे खरंच. पण त्याहून तिला वाईट वाटलं ते याचं की बाबांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांवर सगळं यार्ड विसंबलं, त्यांच्यावर आता त्यांचाच भरवसा नव्हता.

"चार वाजेपर्यंत पेन खिशात ठेवा," ती म्हणाली. "मशीन काही ऊस नाही, उभ्या उभ्या वाढायला. चार इंच कुठून आले ते मी शोधते."

"आणि नाही सापडले तर?"

"तर मीच तुमच्या हातात पेन देईन."

अकरा वाजले होते. हातात पाच तास होते.

३

आधी मुकादमकाका. ट्रेलरवर माल चढवायचा, रचायचा आणि साखळ्यांनी आवळायचा, हे सगळं त्यांच्या हाताखाली. अपघाताची खबर लागताच ते मालकांच्या गाडीतून आले होते आणि आता ट्रेलरभोवती घरचं जनावर आजारी पडल्यासारखे फिरत होते. मशीन म्हणजे लोखंडी पत्रा दाबून त्याला आकार देणारा प्रेस, चाळीस टनांचा. जुन्या कारखान्यातून नव्या कारखान्यात निघालेला.

पायलटने आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, नानांनी मोजल्यावर तुम्ही खालचे ओंडके बदललेत का? जाड घातलेत?"

मुकादम असे उसळले की चहावाल्यानेही मान वर केली. "माझ्यावर संशय? मोज की! चार ओंडके, चारांवर माझा चुन्याचा शिक्का. मोजल्यावर मालाला हात लावणारा मुकादम मी नव्हे. साखळी आवळली की मी ट्रेलरला पाठ दाखवून घरी जातो."

तिने वाकून पाहिलं. चार ओंडके, चारांवर शिक्का, आणि तोही न फुटलेला. काकांचं बोलणं खरं होतं.

"मग या पेट्या कसल्या?" प्रेसच्या डाव्या कडेला लाकडी पेट्यांची ओळ होती. आठ पेट्या, प्रत्येकीवर कारखान्याचं शिशाचं सील.

"प्रेसचे महागडे साचे आहेत त्यात. भरीव पोलादाचे, एकेक पेटी दीड टनाची. आणि त्या डावीकडेच का ठेवल्या ते विचार ना!" राग विसरून काका रंगात आले. कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारलं की ते असेच विरघळत. "या प्रेसच्या उजव्या अंगाला केवढं चाक आहे बघ. सगळं वजन उजवीकडे. डावीकडे हे बारा टन ठेवले म्हणून तोल सांभाळला. नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी उजवीकडे कलली असती."

"आणि पेट्या घसरू नयेत म्हणून?"

"खाली जुन्या टायरच्या पट्ट्या. लाकूड लोखंडावर घसरतं, रबरावर नाही. पट्टी घातल्याशिवाय मी जेवणाचा डबासुद्धा ट्रेलरवर ठेवत नाही, हसतेस काय!"

ती हसत नव्हती. तिची नजर पेट्यांच्या तळाशी गेली होती. पेट्यांखाली नुसतं लोखंड होतं. टायरची एकही पट्टी नव्हती.

४

तिने हे काकांना लगेच सांगितलं नाही. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, आणि काकांच्या तोंडून तर तो गावभर गेला असता. आधी ड्रायव्हरला गाठायचं होतं.

ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत, आणि उस्तादलाही ते पटलेलं होतं. तो ट्रेलरच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

"माझी चूक? माझी?" तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी यार्डातून निघालो. रविवारी अवजड गाड्यांना रस्ता बंद, म्हणून कारखान्याच्या जुन्या गोदामात मुक्काम केला. गोदाम सांभाळणाऱ्या कोठीवाल्या साहेबांनीच आग्रह केला, उघड्यावर नको, आपल्या कुंपणात सुरक्षित म्हणून. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं, मी बहिणीकडे जेवायला आणि झोपायला गेलो. आज उजाडताच निघालो. आणि काय सांगू तुला, शनिवारी जो चढ गाडी रडत रडत चढली ना, तसलाच चढ आज तिसऱ्या गिअरमध्ये! फुलासारखी! याला म्हणतात हात."

"चाकांत हवा भरलीत का?"

उस्ताद जरा चपापला. "भरली. मग? हवा भरणं गुन्हा आहे का?"

टणक फुगलेल्या चाकांनी गाडी वर उचलली जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. सापडला चोर! पण घाईने बोलायच्या आत पायलटने जीभ चावली आणि विचारलं, "सगळ्या चाकांत?"

"छे! नुसती उजव्या बाजूच्या. निघताना गाडी उजवीकडे दबल्यासारखी वाटली. म्हटलं त्या बाजूची हवा उतरली असेल. भरली, तरी दबलेलीच वाटत होती. असेल रस्त्याचा उतार."

फक्त उजव्या बाजूच्या! तिने मान वर करून पुलाकडे पाहिलं. तुळईचा रंग खरवडला होता तो एकाच जागी. प्रेसचं डोकं चेपलं होतं तेही एकाच कोपऱ्यात, डाव्या.

हवेने उचलली असती तर उजवी बाजू उचलली असती. मग डावी कशी वर गेली?

५

तिने शिडी ओढत आणली. मालकांनी अडकलेला कोपरा मोजला होता. साहजिकच, जिथे लागलं तिथेच कुणीही हात लावतो. उजवा कोपरा कुणी मोजलाच नव्हता.

"बाबा, टेपाचं खालचं टोक धरा."

"कशाला आता, पोरी..."

"धरा म्हणते ना!"

वर चढून तिने आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. खाली उतरली तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की शेवटची पायरी चुकून ती धप्पकन बसलीच.

"पंधरा फूट सात! बाबा, उजवीकडे तुमच्यापेक्षा एक इंच कमी भरतंय. डावीकडे चार इंच जास्त, उजवीकडे एक इंच कमी. मशीन वाढलेलं नाही. मशीन कललंय."

"धडकेने कललं असेल," नाना म्हणाले. आशा धरायची त्यांना भीती वाटत होती, ते त्यांच्या आवाजात कळत होतं.

"धडकेने कललं असतं तर साखळ्या ढिल्या पडल्या असत्या, ओंडक्यांवरचे शिक्के फुटले असते. तसं काही नाही. मशीन ट्रेलरवर जागच्या जागी आहे. आख्खा ट्रेलर कललाय, आणि तो धडकेच्या आधीपासून. उस्तादला सकाळीच तसं वाटलं होतं."

एवढ्यात रस्त्यावर दुसरा ट्रक येऊन थांबला. त्यातून चार अनोळखी माणसं उतरली आणि त्यांच्यामागून इस्त्रीचा शर्ट घातलेले कोठीवाले साहेब. कारखान्याच्या सामानाचा सगळा हिशोब यांच्याकडे. पेट्यांना सील यांनी मारलेलं, आणि नव्या कारखान्यात पेट्या ताब्यात घेणारेही हेच. सकाळपासून ते फोनवर मालकांच्या मागे लागले होते.

"प्रेसला वेळ लागू द्या," साहेब मालकांना म्हणाले, "पण साच्यांना धक्का लागलेला नाही, सील शाबूत आहे. पेट्या तेवढ्या मी पुढे नेतो. तुमची माणसं नकोत, माझी आहेत. उगाच तुम्हाला आणखी त्रास कशाला?"

"न्या बापडे," मालक वैतागून म्हणाले. "मुकादम, पेट्यांची साखळी सोडा."

मुकादमकाकांनी पाना लावला. पहिली साखळी खळखळत खाली पडली. पायलटच्या डोक्यात सगळ्या गोष्टी एकदम एका ओळीत उभ्या राहिल्या, आणि ती ओरडली, "थांबा! पेट्यांना कुणी हात लावू नका!"

६

सगळे थांबले. चहावालासुद्धा किटली हातात घेऊन बाहेर आला.

"बाई, काय चाललंय हे?" साहेब हसले. "वडिलांची चूक झाकायला..."

"दोन मिनिटं द्या, मालक," ती म्हणाली. "माझं चुकलं तर मी आणि बाबा दोघंही सही करतो."

मालकांनी घड्याळ पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"मुकादमकाकांनी डावीकडे बारा टन ठेवले तेव्हा ट्रेलर सरळ होता. बाबांनी मोजलं ते तेव्हा. आज तो उजवीकडे दबलाय आणि डावीकडे उचललाय. उजवीकडे काही चढलेलं नाही. म्हणजे डावीकडचं वजन गेलंय. म्हणून उस्तादची गाडी आज फुलासारखी चढली. तो त्याचा हात नव्हता."

"अगं पण..." उस्ताद दुखावला.

"उस्ताद, तुमच्या बढाईनेच तुम्हाला वाचवलं. वजन कमी केल्याचं तुम्हाला ठाऊक असतं, तर गाडी हलकी झाली हे तुम्ही चारचौघांत सांगत फिरला असतात का? उलट रडला असतात. आणि काका, तुमच्या पट्ट्या कुठे आहेत?"

मुकादमांनी वाकून पाहिलं आणि ते ताडकन उभे राहिले. "कुणी काढल्या? माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?"

"पेट्या उतरवणाऱ्यांनी. रविवारी कुणीतरी आठही पेट्या उतरवल्या, आणि हुबेहूब तशाच दुसऱ्या आठ ठेवल्या. पण रबर घालायचं त्याच्या लक्षात आलं नाही. आपल्यातला कुणीही असता तर डोळे मिटूनही ते घातलं असतं. आणि आपल्यातल्या माणसाने निदान दगड भरून तोल सांभाळला असता. ज्याने हे केलं त्याला गाडी कशी उभी राहते हे ठाऊकच नाही. त्याला एवढंच ठाऊक की पेटीवर सील असलं आणि कागद जुळला की काम झालं." ती वळली. "मुक्काम कुठे करायचा हे ठरवणारे तुम्ही. कुलपाची किल्ली तुमच्याकडे. सील मारायची पक्कड तुमच्याकडे. आणि पेट्यांना आमच्या माणसांचे हात लागू नयेत ही घाईसुद्धा तुम्हालाच, साहेब."

साहेबांचं हसू मावळलं नाही, पण ते चेहऱ्यावर नुसतं चिकटून राहिल्यासारखं दिसू लागलं. "सगळा कल्पनेचा खेळ. सील तोडायचा अधिकार कुणालाही नाही. तोडलंत तर कारखाना तुमच्यावर खटला भरेल. मालक, विचार करा."

मालक खरंच विचारात पडले. एकीकडे एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा साहेब, दुसरीकडे पायलट गाडी चालवणारी बाई. सील तोडल्याशिवाय आत काय आहे ते दाखवायचं कसं, याचं उत्तर पायलटकडे नव्हतं. एवढं सगळं जुळवून ती शेवटच्या पावलावर अडली होती.

तेव्हा बांबूनाना पुढे आले.

७

ट्रेलरवर चढून, साखळी सुटलेल्या पहिल्या पेटीपाशी जाऊन त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"बाबा, कंबर!" पायलट ओरडली.

"दीड टन असेल तर माझ्या कमरेला काय होणार आहे? पेटी जागची हलणारच नाही," नाना म्हणाले.

साहेब पुढे झेपावले. "हात लावू नका तिला!" पण त्यांच्या आणि ट्रेलरच्या मध्ये मुकादमकाका येऊन उभे राहिले, आणि काकांची छाती म्हणजे गोदामाचं फाटक.

नानांनी दोन्ही हात पेटीच्या कडेखाली घातले. साठीचा, सडपातळ, अलीकडे जरासा वाकलेला माणूस. नानांनी दात आवळून जोर लावला, आणि पेटीची ती बाजू कपाटाच्या रिकाम्या खणासारखी वर आली. गुडघ्यापर्यंत. मग छातीपर्यंत.

मग उस्तादने शिट्टी मारली आणि सगळे एकदम बोलू लागले. साहेबांची चार माणसं ट्रककडे सरकू लागली, तर चहावाला किटली घेऊन त्यांना आडवा आला. मालकांनी साहेबांचा हात धरला तो घट्टच.

"पोलिसांसमोरच सील तोडू," ते म्हणाले. "आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांना मीच फोन करतो."

तासाभरात पोलीस आले. पेटीत निघाली फुटकी फळकुटं आणि थर्माकोल. खरे साचे जुन्या गोदामातच ताडपत्रीखाली सापडले, शेजारी मुकादमांच्या टायरच्या पट्ट्याही. नव्या कारखान्यात साहेब स्वतःच पेट्या ताब्यात घेणार, प्रेस उभा राहायला तीन-चार महिने जाणार, आणि तोवर साचे विकले जाऊन दुसऱ्या कारखान्याच्या घशात. असा बेत होता. बोलायला लागल्यावर साहेब सगळं बोलले, सीलची पक्कड कुठल्या खिशात होती तेसुद्धा.

पण हे सगळं ऐकायला नाना तिथे नव्हते. पायलटला ते जीपच्या मागे, दगडावर बसलेले सापडले. खांदे हलत होते. कमरेला लचक भरली की काय म्हणून ती धावली.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही गं." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "पंधरा आठच होतं. मी बरोबर वाचलं होतं."

"मला ठाऊक होतं."

"तुला होतं. मला नव्हतं." ते तिच्याकडे पाहून लहान पोरासारखे हसले, आणि मग त्यांना पुन्हा रडू आलं. तीही त्यांच्या शेजारी बसून रडली, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

मालक तिथे आले ते हातात तो कागद घेऊन. त्यांनी तो नानांसमोर फाडला आणि तुकडे खिशात टाकले.

"नाना, विमेवाले आलेत," ते म्हणाले. "त्यांना सगळं तुम्हीच सांगा. मी माफी मागतो. मी मोजलं तेव्हा खरंच सोळा फूट भरलं हो."

नाना उठले आणि त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"तुम्हीही बरोबरच मोजलं होतंत, मालक," ते म्हणाले. "फक्त यापुढे कुणाच्या हातात पेन द्यायच्या आधी दुसरा कोपराही मोजत जा."

मालकांनी मान खाली घातली. नाना विमेवाल्या साहेबांकडे चालू लागले, आणि पायलट शिडी घेऊन त्यांच्यामागे निघाली.